पडदा आधी पोहोचला, फोल्डर मागाहून

नागपूरच्या इतवारीतल्या होलसेल दुकानाची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आता दुकानातल्याच कॉम्प्युटरवर असते असं नाही. ती भाड्याच्या सर्व्हरवर असते. मालक दुकानातून, मुलगा घरून आणि धरमपेठेतला सीए आपल्या ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या यंत्राचा पडदा आपल्या कॉम्प्युटरवर उघडून, तिच्यात शिरतात. रिटर्न भरायची तारीख जवळ आली की सीएच्या ऑफिसातला नवा पोरगा एक्सेल एक्स्पोर्ट करतो, ‘डी’ ड्राइव्हवर सेव्ह करतो आणि खिडकी बंद करून आपल्या कॉम्प्युटरवर फाईल शोधत बसतो. "सर, फाईल तर दिसूनच नाही राहिली." कशी दिसेल? ती सर्व्हरच्या ‘डी’वर गेलेली असते. आपला ड्राइव्ह त्या दूरच्या यंत्रात दिसावा अशी सोय आहे, पण ती मूळ आराखड्यात नव्हती, नंतर जोडली गेली. तिच्या बहुतेक खोडी त्यातूनच आल्या आहेत.

लांबच्या यंत्रावर काम करायची कल्पना निघाली तेव्हा विचार झाला तो पडदा आणि कीबोर्डचा. १९६९ च्या आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, टेलनेट आलं ते दुसऱ्या यंत्रात लॉगिन होण्यासाठी. फाईल आणायची-न्यायची तर त्यासाठी वेगळा नियमसंच हवा होता. तो म्हणजे एफटीपी. त्याचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ चा, आरएफसी या नेटवर्कच्या मसुद्यांच्या मालिकेत ११४ क्रमांकाचा. तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तर तेव्हापासून दोन कामांना दोन दारं झाली: पडद्याचं एक, फाईलचं दुसरं.

कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या मोडेमच्या काळात दुसऱ्या दाराची चैन परवडणारी नव्हती. टेलिफोनची तार एकच, तिच्यावरूनच अक्षरं येणार, तिच्यावरूनच फाईलही आणायची. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये त्यासाठी एक्समोडेम लिहिलं. फाईलचे १२८ बाइटचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाची बेरीज तपासायची, चुकली तर तोच तुकडा पुन्हा मागायचा. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात याच कामाचं कर्मिट तयार झालं आणि १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांचं झेडमोडेम. मध्येच लाईन तुटली तर जिथं थांबलं तिथूनच पुढं सुरू करायची अक्कल झेडमोडेममध्ये होती. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, ‘आरझेड’ (फाईल घे) आणि ‘एसझेड’ (फाईल पाठव) हे झेडमोडेमचे आदेश देणारी मंडळी आजही सापडतात. पडद्याच्याच तारेतून फाईल हळूच सरकवायची, ही युक्ती इथली. पुढं रिमोट डेस्कटॉपनं नेमकं हेच केलं.

दरम्यान ऑफिसातल्या लॅनवर, म्हणजे आतल्या आत जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यावर, फाईल वाटून घ्यायच्या पद्धतींचं वेगळंच घराणं वाढत होतं. सन कंपनीचं एनएफएस १९८४ चं, आयबीएममध्ये जन्मलेलं एसएमबी त्याच सुमाराचं. या पद्धतीत फोल्डर एका यंत्रावर कायमचा राहतो आणि बाकीचे त्याच्याकडे येतात. टॅलीचा डेटा एका कॉम्प्युटरवर ठेवून चार जणांनी त्यात एंट्री मारायची, हा नागपुरातल्या असंख्य ऑफिसांचा रिवाज एसएमबीच्याच जिवावर चालला. त्याच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवायचं की तिथं फोल्डर सगळ्यांसाठी एकच असतो.

आता रिमोट डेस्कटॉपकडे. एड इयाकोबुची आयबीएम सोडून बाहेर पडले आणि १९८९ मध्ये त्यांनी सिट्रिक्स काढली. १९९५ मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी ३.५१ घेऊन विनफ्रेम बनवलं: एकच विंडोज, पण एकाच वेळी अनेक जण लांबून त्यात बसू शकतील असं. आपले ड्राइव्ह सर्व्हरमध्ये दिसायला हवेत, हे सिट्रिक्सला लवकर उमगलं. अडचण अक्षरांची होती. सर्व्हरलाही ‘सी’ आहे, माझ्या कॉम्प्युटरलाही ‘सी’ आहे, मग पडद्यावरचा ‘सी’ कुणाचा? सिट्रिक्सनं दोन वाटा काढल्या. एक, तुमचा ‘सी’ तिकडे ‘व्ही’ म्हणून दाखवायचा, ‘डी’ला ‘यू’ म्हणायचं, असं उलट्या क्रमानं. दुसरी जास्त धाडसाची: सर्व्हरच्याच ड्राइव्हना ‘एम’, ‘एन’ अशी अक्षरं देऊन टाकायची, म्हणजे वापरणाऱ्याला ‘सी’ म्हटलं की आपलाच ‘सी’ मिळेल. आपल्या त्या नव्या पोराचा गोंधळ या लोकांनी तेव्हाच ओळखला होता.

मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये सिट्रिक्सचं तंत्र परवान्यावर घेतलं आणि १९९८ मध्ये एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. तिच्यातला आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा नियमसंच, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या टी.१२८ या मानकावर बेतलेला होता. त्यात पडदा होता, माऊस होता, फाईल नव्हती. विंडोज २००० बरोबर आरडीपी ५.० आला आणि प्रिंटर व क्लिपबोर्डची (कॉपी-पेस्टची) सोय झाली. ड्राइव्ह आले ते २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर, आरडीपी ५.१ मध्ये. म्हणजे पहिली आवृत्ती आणि ही सोय यांत तीन वर्षांचं अंतर आहे. तीसुद्धा सगळे ड्राइव्ह किंवा एकही नाही, अशी होती. हवा तो ड्राइव्ह निवडायची मुभा आरडीपी ६ च्या वेळी मिळाली.

सर्व्हरमध्ये हे ड्राइव्ह ‘टीएसक्लायंट’ या नावाखाली दिसतात. दोन उलट्या तिरप्या रेघा, मग टीएसक्लायंट, मग ड्राइव्हचं अक्षर. दिसायला हा पत्ता लॅनवरच्या शेअर्ड फोल्डरसारखा, आणि फसगत इथंच होते. या नावाचं यंत्र जगात कुठंच नाही. आरडीपीच्या एकाच जोडणीत निरनिराळ्या वाहिन्या असतात आणि त्यातली एक उपकरणांसाठी राखलेली असते. सर्व्हरवर तुम्ही फाईल उघडलीत की ‘ही फाईल उघड’, ‘इतके बाइट वाच’, ‘आता बंद कर’ असे एकेक निरोप त्या वाहिनीतून तुमच्या कॉम्प्युटरकडे येतात. तुमचा कॉम्प्युटर ते काम करतो आणि उत्तर परत धाडतो.

याचे परिणाम रोज दिसतात. एकाच सर्व्हरवर मालक आणि सीए दोघंही बसले असतील तर दोघांनाही टीएसक्लायंट दिसतो, पण मालकाला त्यात दुकानाचा ड्राइव्ह दिसतो आणि सीएला ऑफिसचा. एकमेकांचा कधीच नाही. "मी तर टीएसक्लायंटमध्येच ठेवलं होतं ना भाऊ," हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे. दुसरं म्हणजे जोडणी तुटली की फोल्डर गायब. रात्री दहाचा आपोआप बॅकअप टीएसक्लायंटवर लावून कुणी संध्याकाळी घरी गेला, तर सर्व्हर जागा असतो, बॅकअप सुरूही होतो, फक्त लिहायला जागा नसते. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेल्यावर अर्धी कॉपी झालेल्या फाईलची कथा तीच. १९८६ चं झेडमोडेम जिथं थांबलं तिथून पुढं जायचं, साधं ओढून-सोडून केलेलं कॉपी आजही पहिल्यापासून सुरू होतं.

वेगाचंही तसंच. टॅलीच्या कंपनीचा डेटा आकडी नावाच्या एका फोल्डरात असतो आणि आत बारीकसारीक फाईलींचा ढीग. तो तसाच टीएसक्लायंटमधून ओढला तर प्रत्येक फाईलमागे निरोपांच्या फेऱ्या होतात आणि हिरवी पट्टी रांगत राहते. सर्व्हरवरच झिप करून एकच फाईल आणली तर तोच डेटा चटकन येतो. लाईन तीच, फेऱ्या कमी. आणि टीएसक्लायंटवरचा डेटा थेट टॅलीत उघडून काम करायचा मोह तर मुळीच धरू नये.

विंडोजच्या खिडकीत अजूनही ड्राइव्ह निवडता येतो, एखादाच फोल्डर नाही. लिनक्सवाल्यांनी हे बरं केलं. आरडेस्कटॉप आणि २००९ मध्ये त्यातून फुटून निघालेलं फ्रीआरडीपी या रिमोट डेस्कटॉपच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये नेमका कुठला फोल्डर न्यायचा, कुठल्या नावानं दाखवायचा, हे आदेशातच सांगता येतं. विंडोजवर लोक डॉसच्या जमान्यातला ‘सबस्ट’ आदेश वापरून फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देतात आणि तेवढंच पुढं करतात. जुगाड आहे, पण संपूर्ण ‘डी’ उघडा टाकण्यापेक्षा शंभर पटीनं बरा.

टर्मिनलच्या बाजूला हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार घडला आणि त्यावरून टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हे सुरक्षित लॉगिनचं साधन लिहिलं. टेलनेटची जागा त्यानं घेतली. फाईलसाठी एससीपी आणि मग एसएफटीपी आलं, तेही त्याच सुरक्षित जोडणीतून. एसएसएचएफएसनं पुढची पायरी गाठली, दूरचा फोल्डर आपल्या यंत्रावर जोडून दाखवला. इथं दिशा उलटी आहे. रिमोट डेस्कटॉपमध्ये आपला फोल्डर तिकडे जातो, एसएसएचएफएसमध्ये तिकडचा आपल्याकडे येतो. मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारी मुलगी आणि इतवारीतला अकाउंटंट दोघंही ‘फोल्डर जोडला’ म्हणतात, पण फाईल मुळात कुणाच्या डिस्कवर आहे याचं उत्तर दोघांचं वेगळं येतं. व्हीएनसी या दूरचा पडदा दाखवणाऱ्या दुसऱ्या साधनाचा मूळ आराखडा तर निव्वळ पडद्याचा, त्यातलं फाईल पाठवणं नंतरच्या आवृत्त्यांनी आपापल्या पद्धतीनं जोडलं. एनीडेस्क या रिमोट ॲपचा नंबर फोनवर सांगून काम उरकणाऱ्यांना यातलं काही जाणवत नाही, फाईल पाठवायची खिडकी तिथं आयतीच मिळते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एरवी ऑफिसातच राहणारा डेटा या वाहिन्यांमधून घरोघरी फिरू लागला. धोक्याची चर्चा मात्र आधीच सुरू झाली होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा बोट लॅनच्या शेअरकडे होतं. टीएसक्लायंटची बाजू लोकांच्या ध्यानात उशिरा आली: सर्व्हरला रॅन्समवेअर लागलं तर जोडलेला तुमचा ‘डी’ही त्याला लिहिण्याजोगाच असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणखी एक प्रकार उघड केला. मिडनाइट ब्लिझार्ड हा रशियन हॅकर गट ईमेलमधून आरडीपीच्या तयार फाईली, म्हणजे जोडणीची माहिती आधीच भरलेल्या फाईली, पाठवत होता. फाईल उघडली की माणूस हल्लेखोरांच्या सर्व्हरला जोडला जायचा आणि त्याचे ड्राइव्ह, क्लिपबोर्ड, प्रिंटर आपसूक तिकडे खुले व्हायचे. सोय तीच, २००१ ची. फक्त पलीकडचं यंत्र दुसऱ्याच कुणाचं.

म्हणून मोठ्या ऑफिसांत ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांतून, ड्राइव्ह पुढं करणं बंद असतं आणि देवाणघेवाणीसाठी सर्व्हरवरच एक फोल्डर ठेवलेला असतो, नावानिशी परवानगी दिलेला. छोट्या ऑफिसात एवढं कुणी करत नाही. तिथं निदान जोडणी करताना ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये जाऊन सगळ्या ड्राइव्हवरची खूण काढावी आणि एकाच छोट्या ड्राइव्हवर ठेवावी, काम झालं की तीही काढावी.