स्थलांतरितांच्या जीवनकथांचे संकलन (सोलापूर)

बाहेरून येऊन शहरात स्थायिक झालेल्यांच्या हकिकती त्याच वस्तीतल्या माणसांनी मुलाखती घेऊन नोंदवण्याची पद्धत. मौखिक इतिहासाची एक शाखा. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी सुरू केलेल्या उपक्रमाचा भर नामवंतांवर होता. सामान्यांकडे लक्ष वळले ते पुढे.

सोलापुरात या पद्धतीला मोठा वाव आहे. रेल्वे १८६० मध्ये आली, पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि निजामाच्या मुलखातील तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची येथे रीघ लागली. पूर्व भागातील पेठांमध्ये हातमाग, पुढे यंत्रमाग आले. चादर आणि टॉवेल यांवर शहराचे नाव झाले. गिरण्या, संप आणि इंग्रजांनी शहरात लावलेला १९३०चा मार्शल लॉ (लष्करी अंमल) यांबद्दल बरेच लिहिले गेले. घरात बसून विड्या वळणाऱ्या बायका मात्र त्या लिखाणात फारशा दिसत नाहीत.

याचे एक कारण प्रश्नांतच आहे. ‘सोलापूरला कधी आलात?’ असे विचारले की पुरुष गिरणीतली भरती सांगतो. बाई ‘लग्न होऊन आले’ म्हणते आणि विषय संपतो. तिचे येणे स्थलांतरात मोजलेच जात नाही. वास्तविक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा अनेक घरे तिच्या विड्यांवर चालली. म्हणून विडी वळायला कोणी शिकवले, पाने कोण कापायचे, कारखान्यात माल खराब म्हणून छाटला गेला की काय व्हायचे, असे विचारावे लागते. मुलाखत घेणारी शेजारचीच सून असेल, तर हे तेलुगूत मोकळेपणाने निघते. तिच्यापुढे सासरचे, कर्जाचे बोलणे अवघड जाते, हेही खरे; अशा वेळी दुसऱ्या गल्लीतली मुलगी बरी.

मजुरी हजार विड्यांवर असल्याने हात थांबवायला सांगू नये. यंत्रमागाच्या खडखडाटात ध्वनिमुद्रण होत नाही, त्यासाठी माग बंद असलेली वेळ गाठावी. मराठी-कानडी मिसळलेली तेलुगू शुद्ध न करता उतरवावी, मराठी अनुवाद सोबत जोडावा. संमती आधी घ्यावी आणि मुद्रणाची प्रत घरच्यांना द्यावी.

सन सहसा कोणाला आठवत नाही. रझाकारांचा काळ, ७२चा दुष्काळ, २००६ मध्ये कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीत मिळालेले घर, अशा खुणांवरून काळ लावतात आणि रेशनकार्ड, विडी कामगार ओळखपत्र यांच्याशी ताडून पाहतात.