इक्थिऑर्निस : चोच आणि दात एकाच जबड्यात

कोल्हापूरच्या तलावांवर पाण्यालगत उडता उडता अचानक झेपावून मासा टिपणारा नदी सुरय ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इक्थिऑर्निसची कल्पना करणे अवघड जाणार नाही. आकाराने साधारण सुरयाएवढ्या या समुद्रपक्ष्याच्या छातीच्या हाडावर, आजच्या पक्ष्यांप्रमाणेच, उड्डाणाचे बळकट स्नायू धरून ठेवणारा उंच कंगोरा होता. मात्र त्याच्या जबड्यांत तीक्ष्ण दात होते.

१८७० मध्ये बेंजामिन मज यांना अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, उत्तर अमेरिकेला एके काळी दुभागणाऱ्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या खडूच्या थरांत, याचे जीवाश्म सापडले. येल विद्यापीठातील ऑथनील मार्श यांनी १८७२ मध्ये या पक्ष्याला नाव दिले. पण सोबतचा दातेरी जबडा पक्ष्याचा असेल असे त्यांनाही वाटले नाही, आणि तो एका लहान सागरी सरीसृपाचा समजून त्यांनी त्याचे वेगळे नामकरणही केले. जबडा पक्ष्याचाच आहे हे १८७३ मध्ये त्यांनी मान्य केले. मार्श यांच्यासारख्या जाणकारालाही जो जबडा सरीसृपाचा वाटला, तो पक्ष्याचा निघावा, याहून बोलका पुरावा उत्क्रांतीला क्वचितच मिळाला असेल. १८८० मध्ये खुद्द डार्विन यांनी मार्श यांना पत्र लिहून त्यांच्या या कामाचा गौरव केला.

कवटीचे खरे रूप उलगडायला मात्र २०१८ साल उजाडले. डॅनियल फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकातील कवट्यांचे सीटी स्कॅन करून त्रिमितीय प्रतिमा तयार केल्या, तेव्हा वरच्या जबड्याच्या टोकाशी दात नसलेली छोटी चोच आणि तिच्यामागे दातांची रांग असल्याचे दिसले. मेंदूची ठेवण बरीचशी आजच्या पक्ष्यांसारखी होती, तर जबड्याच्या स्नायूंसाठी कवटीत असलेली प्रशस्त जागा डायनासोरांची आठवण देणारी होती. म्हणजे दात गेले आणि मग चोच आली, असे घडले नाही. चोच टोकापासून आकार घेऊ लागली तेव्हा मागे दात शाबूतच होते.

असा जीवाश्म आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मिळेल का, असा प्रश्न कोल्हापूरकर वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. तो मिळणार नाही, कारण हा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, आणि इक्थिऑर्निसचे जीवाश्म त्याहून दीड कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. त्या काळातले सागरी थर पाहायचे, तर तमिळनाडूतील अरियलूर आणि तिरुचिरापल्लीच्या परिसरात जावे लागेल.