रेपो उतरला म्हणून पीककर्ज उतरत नाही

फेब्रुवारी ते जून 2025 या चार-पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला. टीव्हीवर ‘कर्ज स्वस्त’चा गजर झाला आणि यवतमाळकडच्या पारांवर हिशेब सुरू झाले, की यंदा कपाशीचं कर्ज कमी व्याजात मिळणार. पण तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा 7 टक्के दर सरकारनेच बांधून दिलाय. वेळेत फेडलं तर त्यात 3 टक्के सूट, राज्याची सवलत आणखी वेगळी. रेपो लगेच जाणवतो तो बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला.

कुणाला किती कर्ज द्यायचं, हे ठरवणारा माझा आवडता नियम बातम्यांत फारसा येतच नाही. त्याचं नाव जोखीम-भार, म्हणजे कर्ज जितकं धोक्याचं, तितका त्याचा जास्त हिस्सा हिशेबात धरायचा. बँक वाटते तो पैसा बहुतेक ठेवीदारांचा. कर्ज बुडालं तर आधी मालकांचा पैसा जावा, म्हणून जोखमीनुसार मोजलेल्या कर्जाच्या किमान 9 टक्के स्वतःचं भांडवल ठेवावं लागतं. समजा बँकेकडे 9 लाख भांडवल आहे. 100 टक्के भार असेल तर त्यावर 1 कोटीचं पर्सनल लोन वाटता येतं. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा भार 125 केला आणि त्याच 9 लाखांवर 80 लाखच वाटता येऊ लागले. रेपोला हात न लावता 20 लाख आटले! उलट 35 टक्के भाराचं घरकर्ज याच भांडवलावर सुमारे 2 कोटी 86 लाख बसतं. सोनंतारण त्या वाढीतून वगळलं होतं. व्याजदर पडले की बँकेचा नफा आकसतो, मग जास्त व्याजाच्या आणि जास्त धोक्याच्या कर्जांकडे तिचा हात जातो. हा भार तो हात धरतो.



दुसरा नियम तरतुदीचा, म्हणजे कर्ज बुडालं तर म्हणून बाजूला ठेवायच्या पैशाचा. शेतीकर्ज सुरळीत असेल तर बँकेला लाखामागे 250 रुपये बाजूला काढावे लागतात. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, आणि तरतूद लाखामागे थेट किमान 15,000. म्हणून मार्च आला की ‘नवं-जुनं’ सुरू. शेतकरी आडत्याकडून शेकडा दोन-तीन रुपये महिन्याने पैसे उचलतो आणि बँकेत भरतो. आठवड्याभरात नवं कर्ज मंजूर होतं, आडत्याची उचल फिटते. व्याजसवलत टिकते, बँकेचं खातं सुरळीत दिसतं. शेतात काही पिकलं की नाही, हे त्या खात्यावरून कळत नाही.

1 जानेवारी 2025 पासून शेतीकर्जाला 2 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, आधी ही मर्यादा 1.60 लाख होती. शाखेत गेलात तर रेपोऐवजी हे विचारा.