दोरांवर चढलेले उपरे

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटाची ओळख दोन गोष्टींनी आहे: तांबड्या मातीतला बटाटा आणि खाड्यांमधला निळा शिंपला. कॅनडात शेती करून पिकवल्या जाणाऱ्या निळ्या शिंपल्यांपैकी सुमारे ८० टक्के एकट्या या बेटावरून येतात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात मिळणाऱ्या आपल्या शिनाण्यांचे हे थंड पाण्यातले भाऊबंद. त्यांची शेती दिसायला साधी असते. पाण्यात एक लांब आडवा दोर ताणायचा, त्याला तरंगते बोये बांधायचे आणि दोरापासून खाली जाळीच्या लांब नळ्या सोडायच्या. या नळ्यांत शिंपल्यांचं बारीक बीज भरलेलं असतं. वाढता वाढता शिंपले जाळीच्या भोकांतून बाहेर सरकतात आणि अंगच्या चिवट धाग्यांनी जाळीला घट्ट धरून ठेवतात. त्यांना खाद्य घालावं लागत नाही. समुद्राचं पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म प्लवक ते खातात आणि दीड-दोन वर्षांत काढणीला येतात.

पण हे शेत उघड्या पाण्यात असतं. त्याला बांध नाही, कुंपण नाही. पाण्यात सोडलेला प्रत्येक दोर म्हणजे चिकटून जगणाऱ्या कुठल्याही जीवाला आयती मिळालेली जागा.

१९९८ साली बेटाच्या पूर्व भागातल्या ब्रूडनेल नदीच्या खाडीत शिंपल्यांच्या दोरांवर एक अनोळखी प्राणी सापडला. तपकिरी, सुरकुतलेला, देठाला लागलेल्या गदेसारखा. त्याचं नाव स्टायेला क्लावा, मूळ मुलूख वायव्य प्रशांत महासागर, म्हणजे जपान-कोरियाच्या बाजूचा. २००४ पर्यंत त्याच गटातल्या आणखी तीन परक्या जातींची नोंद बेटावर झाली. त्यातली शेवटची, माँटेग्यू नदीत सापडलेली सायोना इंटेस्टिनालिस, सगळ्यांत त्रासदायक ठरली.

या प्राण्यांना ट्यूनिकेट म्हणतात. किनाऱ्यावर खडकांत फिरताना अंगठ्याएवढी मऊ पिशवी दाबली गेली आणि तिच्यातून पाण्याची पिचकारी उडाली, तर तो बहुधा ट्यूनिकेटच. अंगाला दोन नळ्या: एकीतून पाणी आत येतं, गाळलं जातं, दुसरीतून बाहेर पडतं. हा प्राणी पाहिल्यावर कुणाला खरं वाटणार नाही, पण मणक्याच्या प्राण्यांचे हे सर्वांत जवळचे नातलग आहेत. त्यांचं पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं शेपटीवालं असतं आणि त्या शेपटीत कण्याच्या पूर्वजाची एक दांडी असते. पोहून झालं की ते डोक्याच्या बाजूने कुठेतरी चिकटतं, शेपटी जिरवून टाकतं आणि उरलेलं आयुष्य एका जागी पाणी गाळत काढतं. त्यांच्या अंगावरच्या आवरणात सेल्युलोज असतं. झाडांच्या पेशींना आधार देणारा हा पदार्थ स्वतः तयार करणारे प्राणी ट्यूनिकेटांखेरीज दुसरे नाहीत.

या पिल्लाला तोंडाने खाता येत नाही. सोबतच्या शिदोरीवर ते काही तास, फार तर काही दिवस पोहतं. म्हणजे सायोना स्वतःच्या बळावर फार लांब जाऊ शकत नाही. तरीही ती एका खाडीतून दुसऱ्या खाडीत पोचली, कारण तिला नेणारे होते: होड्यांचे तळ, ओले दोर, बोये, आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवलेलं शिंपल्यांचं बीज. पुढे जे सगळं सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. या उपऱ्यांचा प्रवास बहुतांशी माणसाच्या हातून होतो, आणि म्हणून तो अडवणंही माणसाच्या हातात असतं.

सायोना आल्यावर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. जिथे आधी स्टायेलाचं राज्य होतं, तिथे साधारण दोन वर्षांत सायोनाने तिची जागा घेतली. दोरांवर पिवळसर, अर्धपारदर्शक पिशव्यांचा इतका जाड थर चढला की आतला शिंपला दिसेना. प्लवकावरून स्पर्धा होतेच, पण शेतकऱ्याला खरा फटका वजनाचा बसतो. दोर जड होऊन खाली बसतात, ते वर धरायला आणखी बोये लागतात. काढणीच्या वेळी दोर वर ओढताना ट्यूनिकेटांच्या ओझ्यासकट शिंपल्यांचे घोस सुटून तळाशी पडतात. जे हाती येतात ते कारखान्यात साफ करायला दुप्पट राबावं लागतं.

मग उपायांचा शोध सुरू झाला, आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट कळली: एका जातीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. स्टायेलाचं कातडं जाड. तिच्यावर विरवलेल्या चुन्याचं पाणी फवारलं किंवा दोर त्यात बुडवले की ती मरते, शिंपला मात्र शिंपा मिटून घेऊन तेवढा वेळ काढतो. सायोनाचं अंग मऊ, म्हणून तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. होडीवर यंत्र बसवून दोर त्यातून ओढत नेला की पिशव्या फाटून गळून पडतात. पण उरलेल्या दोन जाती वसाहत करून राहणाऱ्या. त्यांची पातळ रंगीत चादर शिंपल्यांवर पसरते. तिच्यावर हाच फवारा मारला तर तिचे तुकडे होतात, आणि पाण्याबरोबर गेलेला तुकडा दुसरीकडे चिकटून नवी वसाहत सुरू करू शकतो. समोरचा जीव नेमका कोणता आहे हे न ओळखता उपाय केला, तर आपणच त्याची लागवड करून बसतो.

वेळेचा हिशेबही तसाच अवघड. सायोनाची पिल्लं उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने चिकटत राहतात. फवारणी लवकर केली तर स्वच्छ झालेल्या दोरावर पुढची पिल्लं येऊन बसतात. उशीर केला तर थर जाड होतो, खर्च वाढतो आणि फवाऱ्याबरोबर शिंपलेही गळतात. त्यामुळे पिल्लं कधी, किती चिकटताहेत हे सतत पाहत राहणं हा तिथल्या शेतीचाच एक भाग झाला आहे.

हे पाहण्याची पद्धत स्वस्त आणि जुनी आहे. प्लास्टिकच्या लहान चौकोनी पट्ट्या दोराला बांधून पाण्यात सोडायच्या, काही आठवड्यांनी काढायच्या आणि भिंगाखाली बघायच्या. जे दोरावर येणार, ते आधी पट्टीवर येतं. जोडीला पाणबुडे बंदरांतले धक्के, खांब, होड्यांचे तळ तपासतात. गेल्या वीसेक वर्षांत यात डीएनएची भर पडली. प्रत्येक जीव पाण्यात आपल्या पेशी, श्लेष्मा, अंडी सोडत असतो. खाडीचं पाणी गाळणीतून गाळायचं, गाळणीवर राहिलेल्या गाळातला डीएनए वेगळा करायचा आणि त्यात ठरावीक जातीची खूण सापडते का ते पीसीआरने तपासायचं. ही तीच पद्धत, जी कोविडच्या काळात घरोघरी माहीत झाली. ट्यूनिकेटांच्या पिल्लांना नुसत्या डोळ्यांनी ओळखणं जवळजवळ अशक्य असतं, तिथे ही चाचणी फार मोलाची ठरते. तिच्या मर्यादाही आहेत. सापडलेला डीएनए जिवंत प्राण्याचा की मेलेल्याचा, इथलाच की जहाजातून आलेल्या पाण्यातला, हे ती सांगत नाही. आणि ज्या जातीसाठी चाचणी बनवली आहे तीच जात तिला दिसते. ज्याची कुणाला कल्पनाच नाही असा उपरा तिच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून मला पट्टी, पाणबुडे आणि शेतकऱ्याचे डोळे यांचं महत्त्व प्रयोगशाळेपेक्षा कमी वाटत नाही.

आता ऑस्ट्रेलियाची गोष्ट. मार्च १९९९ मध्ये डार्विन शहराच्या कलन बे मरीनात, म्हणजे हौशी नौकांच्या बंदरात, पाणबुड्यांना काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला सापडला: मिटिलॉप्सिस सालेई, मूळचा कॅरिबियन भागातला. सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९९८ च्या पाहणीत तो तिथे नव्हता. आता काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये वीस हजारांहून जास्त दिसत होते. हा शिंपला चिकटल्यापासून महिनाभरातच प्रजननाला तयार होतो. तिथल्या किनाऱ्यावर मोत्यांच्या कालवांची मोठी शेती होती, आणि ती धोक्यात आली होती.

सरकारने थांबून विचार करण्यात वेळ घालवला नाही. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक सात-आठ मीटर असल्यामुळे तिथल्या मरीनांना झडपांचे दरवाजे आहेत. ते बंद करून तीन मरीना उरलेल्या समुद्रापासून तोडल्या आणि आतल्या पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं. मरीनात येऊन गेलेल्या शेकडो नौकांचा माग काढून त्या तपासल्या. वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च आला, त्या कोंडलेल्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले. पण शिंपला संपला, काही आठवड्यांत. एकदा रुजलेली परकी समुद्री जात पूर्ण उखडल्याची अशी उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हे जमलं ते दोन कारणांनी: तो सहा महिन्यांच्या आत दिसला, आणि पाणी कोंडता आलं. उघड्या खाडीत तो वर्षभर उशिरा सापडला असता तर कितीही मोरचूद पुरलं नसतं.

हाच शिंपला आपल्याकडे १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही पोचला. इथे तो टिकून राहिला. मुंबई हे जहाजांच्या समतोल पाण्यातून येणाऱ्या जीवांच्या अभ्यासासाठी संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबॅलास्ट प्रकल्पाने निवडलेल्या जगातल्या सहा बंदरांपैकी एक होतं, आणि तिथली पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. रिकामं जहाज तोल सांभाळायला एका बंदरात पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं. त्या पाण्यावर प्रक्रिया करणं बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला, अमलात यायला सप्टेंबर २०१७ उजाडलं. जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्या जीवांसाठी मात्र आंतरराष्ट्रीय पातळीवर अजून केवळ ऐच्छिक मार्गदर्शक सूचना आहेत. चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या आणि ट्यूनिकेटांच्या बाबतीत ही मोठी फट आहे.

अशा उपऱ्याची किंमत सध्या केरळ मोजतो आहे. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा मायटेला स्ट्रिगाटा हा शिंपला गेल्या दशकाच्या अखेरीस तिथे नोंदला गेला, आणि अष्टमुडी कायलात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या निमखाऱ्या पाण्याच्या सरोवरात, त्याचा सर्वांत मोठा पसारा आढळला. अष्टमुडी म्हणजे जिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं ती जागा. तिथे शिनाणे आणि कालवं जिथे चिकटायची, तिथे आता हा उपरा गच्च बसलेला दिसतो. कायलाला झडपांचा दरवाजा नाही.

उपरा नेहमी परदेशातून आपल्याकडेच येतो असंही नाही, आणि कुठलीच जात जन्मतः खलनायक नसते. आपण चवीने खातो ते हिरवे शिनाणे १९९९ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या टॅम्पा खाडीत वीजकेंद्रांच्या पाण्याच्या वाटा अडवताना सापडले. इथे ते पीक आहे, तिथे कीड.

कोकणाने हे आताच मनावर घ्यायला हवं, असं मला तळमळीने वाटतं. गोव्यात दोना पावलाला १९७० च्या दशकात तराफ्यांना दोर टांगून शिनाण्यांची शेती करून पाहिली गेली होती. अलीकडे सिंधुदुर्गात कांदळवन प्रतिष्ठानच्या योजनेतून गटागटांनी, त्यांत अनेक बायका, कालवं आणि शिनाणे वाढवताहेत. शेती लहान आहे, म्हणजे सवयी लावायला हीच वेळ बरी. बीज दुसऱ्या खाडीतून किंवा दुसऱ्या राज्यातून आणताना ते निवडून, परके जीव काढून, गोड्या पाण्यात बुचकळून मगच सोडायचं; मुंबईच्या बाजूने आलेली होडी शेताजवळ नांगरायची नाही. प्रिन्स एडवर्ड आयलंडवर बीज हलवायला परवाना लागतो. तसा नियम आपल्याकडे शेती वाढायच्या आधी आला, तर त्याचा जाच कुणालाच वाटणार नाही.

पावसाळा आपल्याला अर्धी मदत करतो. खाडीचं पाणी गोडं होतं, शिनाणे त्यात तग धरत नाहीत, म्हणून काढणी मेअखेर उरकते आणि दोर-जाळ्या काठावर येऊन सुकतात. त्यांच्यावरचा उपरा त्यात मरतो. पण मायटेला आणि मिटिलॉप्सिस दोन्ही कमी खारं पाणी सोसतात. दोर घरात असताना जेटीचे खांब, बंधाऱ्याचे दगड आणि नांगरलेल्या होड्यांचे तळ पाण्यातच असतात, आणि हे दोघे तिथे पावसाळा काढू शकतात. पाऊस ओसरल्यावर, नवे दोर सोडण्याआधी, ओहोटीला याच तीन जागा हाताने चाचपून पाहायच्या. बोटाच्या पेराएवढा, ओळखीचा न वाटणारा शिंपल्यांचा गुच्छ दिसला की तो खरवडून परत पाण्यात टाकायचा नाही. फोटो काढायचा, थोडे नमुने दारूत नाहीतर बर्फात ठेवायचे आणि मत्स्य विभागाला किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला त्याच आठवड्यात कळवायचं.