दोनशे थ्रेड, दहा कनेक्शन

वेबसाइट अडकते. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. सर्व्हर सांभाळणारा घाईघाईने आकडे बघतो, तर प्रोसेसर जेमतेम पाच टक्के कामात आणि मेमरीही भरपूर शिल्लक. काम तुंबलेलं, यंत्र मात्र स्वस्थ! अशा वेळी हात आपसूक रिस्टार्टकडे जातो. काही मिनिटांत सगळं सुरळीत होतं. पण असं का झालं, याचा पुरावाही त्यातच पुसला जातो.

बँका, विमा, तिकीट आरक्षण अशी मोठी कामं वेबलॉजिक, वेबस्फिअर, वाइल्डफ्लाय यांसारख्या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतात. आलेली प्रत्येक विनंती सर्व्हर एका थ्रेडकडे, म्हणजे एका वेळी एकच काम हाताळणाऱ्या जणू एका कामगाराकडे, सोपवतो आणि उत्तर जाईपर्यंत तो थ्रेड तिचाच असतो. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर असे जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. डेटाबेसशी बोलायला थ्रेडला कनेक्शन लागतं. दर वेळी नवं जोडायचं तर ओळख पटवण्यापासून सुरुवात, म्हणून जोडलेली कनेक्शनं एका पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात, तयार ठेवतात. काम झालं की थ्रेडने ते परत करायचं. हिकारीसीपी या लोकप्रिय पूलमध्ये, बदल केला नाही तर, अशी १० कनेक्शनं असतात.

दोनशे जणांना दहा पुरतात? एरवी आरामात पुरतात. रांगांच्या गणितातला एक नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, म्हणजे सरासरी एका वेळी आत असणारे. समजा, सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती कनेक्शन ५० मिलिसेकंद धरते. १०० गुणिले ०.०५ म्हणजे ५. निम्मा पूल मोकळाच.

आता डेटाबेसमधला तक्ता वाढला, योग्य इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नाही, आणि तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, २०० मिलिसेकंद घेऊ लागली. गरज २० कनेक्शनांची, हाती दहाच. ती सेकंदाला ५० विनंत्या उरकतात, उरलेल्या ५० मागे साचतात. या हिशेबाने चारच सेकंदांत दोनशेच्या दोनशे थ्रेड अडकतात! मग ज्या पानाला डेटाबेस लागतच नाही, तेही उघडत नाही, कारण ते द्यायला थ्रेडच उरलेला नसतो. प्रोसेसर मोकळा दिसतो तो यामुळेच. वाट बघायला त्याची गरज लागत नाही.

म्हणून रिस्टार्टच्या आधी थ्रेड डंप घ्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. जेस्टॅक ही आज्ञा दिली की त्या क्षणी कोणता थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर उभा आहे, ते सगळं लिहून मिळतं. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्यावेत. तिन्हींत तेच थ्रेड त्याच ओळीवर दिसले, तर ते खरोखर अडकलेले आहेत.

या डंपमध्ये एक बारकावा दडलेला असतो. १९० थ्रेड पूलच्या दाराशी ताटकळत आहेत आणि दहा डेटाबेसच्या उत्तराकडे कान लावून बसले आहेत, तर दोष मंद क्वेरीचा. (डंपमध्ये या दहांची स्थिती ‘रनेबल’ (चालू) दिसते, त्यामुळे ते कामात आहेत असं वाटून नवखे फसतात.) पण दोनशेही दाराशीच असतील आणि डेटाबेसशी कुणीच बोलत नसेल, तर? मग बहुधा कनेक्शनं गळाली आहेत. कुठेतरी कोडमध्ये चूक होऊन काम अर्ध्यावर सुटतं आणि घेतलेलं कनेक्शन परत करायचं राहतं. आज एक, परवा एक, असं करत पूल रिकामा होतो. दर काही दिवसांनी रिस्टार्ट मागणाऱ्या सर्व्हरमागे बरेचदा हेच असतं.

पूल मोठा केला तर? गळती असेल तर तो चार दिवस उशिरा रिकामा होईल, इतकंच. २०२३ च्या जावा २१ मध्ये आलेल्या आभासी थ्रेडमुळे थ्रेड लाखांनी बनवता येतात. पण कनेक्शनं दहाच राहिली, तर रांग थ्रेडच्या दारातून उठून पूलच्या दारात बसते.