कंपवातातील दृष्टी आणि चालणे

कंपवात म्हणजेच पार्किन्सनचा आजार. हाताची थरथर सर्वांना दिसते, पण रुग्णाला अंथरुणाला खिळवते ते पडणे, आणि त्या पडण्यात डोळ्यांचाही वाटा असतो. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टराने १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, त्यातही पुढे झुकून तुरुतुरु चालण्याची नोंद आहे.

मध्यमेंदूतील काळसर भागातल्या पेशी झडल्याने डोपामिन हे निरोप पोचवणारे रसायन कमी पडते. एरवी पाऊल आपसूक पडते. कंपवातात ती सवय मोडते आणि रुग्ण नजरेच्या आधाराने चालू लागतो. पण डोळ्याच्या पडद्यालाही डोपामिन लागते. म्हणून चष्म्याचा नंबर बरोबर असूनही फिक्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत, अंतराचा अंदाज चुकतो. पापण्या कमी लवून डोळे कोरडे पडतात. जवळचे दोन-दोन दिसू शकते.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात हे उंबऱ्यावर उघड होते. जाड भिंती, लहान खिडक्या, भरदिवसा अंधार. खाली करडी शहाबादी फरशी आणि पायरीही तिचीच, त्यामुळे कड दिसत नाही. दाराशी येताच पाय जमिनीला चिकटतात. अंगात बळ असते, तरी पाय उचलत नाही. अरुंद बोळ, वळण आणि घाई यांनी हे वाढते. अशा वेळी हात धरून ओढणे घातकच.

वाट नजरेतूनच निघते. जमिनीवर पावलापावलाच्या अंतराने खडूच्या किंवा चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या, की रेघ ओलांडायला अडलेला पाय पुष्कळदा उचलतो. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा आणि वीज गेल्यावर हाताशी बॅटरी, इतके प्रत्येक घरात व्हायलाच हवे. दोन भिंगांच्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, तेव्हा उतरताना दूरचा चष्मा बरा. डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी वेळेवर हवी. उशीर झाला की चाल अडखळते.

'वय झालं' म्हणून मोतीबिंदूही तसाच ठेवला जातो. तो वेगळा आजार आहे आणि शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारते. काहींना घरात नसलेली माणसे किंवा जनावरे दिसतात. ही बाहेरची बाधा नव्हे, आजाराचा किंवा औषधांचा परिणाम आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद न करता हे डॉक्टरांना सांगावे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.