फाइलच्या नावातली मोकळी जागा लिनक्सला चालते

‘लिनक्सला नावात मोकळी जागा चालत नाही, आधी सगळीकडे अंडरस्कोअर टाका,’ हा सल्ला गावोगावच्या संगणक केंद्रांत अजून दिला जातो. तो चुकीचा आहे. लिनक्सच्या फाइलनावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट (‘नल’ नावाचं न दिसणारं चिन्ह).

नावाचे तुकडे पाडतो तो शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम. आरएम ही फाइल पुसण्याची आज्ञा, आणि डॉलर-एफ म्हणजे ‘एफ’ या चलात ठेवलेलं फाइलचं नाव. ‘आरएम डॉलर-एफ’ असं अवतरणाशिवाय लिहिलं, की बॅश हा शेल त्या नावाचे मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ इथे तुकडे करतो. ‘सातबारा मौजा वडगाव.पीडीएफ’ची मग तीन नावं होतात. त्यातल्या एखाद्या नावाची वेगळी फाइल तिथे असेल, तर नेमकी तीच पुसली जाते! म्हणून डॉलर-एफ नेहमी दुहेरी अवतरणात ठेवा. एकेरीत नको, त्यात चलाची किंमतच भरली जात नाही.

पण फॉर लूप (प्रत्येक फाइलवर तेच काम पुन्हा करणारी रचना) ‘एलएस’च्या, म्हणजे फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेच्या, उत्तरावर फिरवला असेल, तर आतली अवतरणं कामाची नाहीत, तुकडे आधीच पडलेले असतात. आणि एलएसलाच अवतरणात घातलं, तर सगळी यादी मिळून एकच नाव होतं. त्याऐवजी लूपला थेट ‘टिंब, तिरकी रेघ, तारा, टिंब पीडीएफ’ द्या. ताऱ्यातून आलेली नावं पुन्हा तुटत नाहीत, आणि सुरुवातीच्या टिंब-रेघेमुळे डॅशने सुरू होणारं नाव आज्ञेचा पर्याय (ऑप्शन) समजलं जात नाही.

उपफोल्डरांसाठी फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला प्रिंट-शून्य आणि ती नावं पुढच्या आज्ञेला देणाऱ्या ‘एक्सआर्ग्स’ला वजा-शून्य हे पर्याय, दोन्ही सोबतच लावा; मग नावं मोकळ्या जागेवर नाही, शून्य बाइटवर वेगळी होतात.